खाणीच्या पाण्याची आम्लता पंपाच्या तोंडाशी मोजून भागणार नाही

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला वणी तालुका, पैनगंगा ओलांडली की राजुरा, आणि नदीपलीकडे माजरी, भद्रावती, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूर असा आमचा हा कोळशाचा पट्टा आहे. इथल्या खदानींविषयी आपल्या दैनिकात ज्या बातम्या येतात, त्या बहुतेक धुळीच्या, सुरुंगाने घरांना गेलेल्या तड्यांच्या, जमिनीच्या मोबदल्याच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांच्या असतात, आणि त्या सगळ्या खऱ्याच असतात. पाण्याचा विषय निघाला तर तो ‘विहिरी आटल्या’ किंवा ‘पाणी खराब झाले’ एवढ्यावर थांबतो. खाणीतून आणि खाणीबाहेर रचलेल्या ओबीच्या (कोळशावरून काढून टाकलेल्या माती-दगडाच्या) डोंगरांतून पाझरणाऱ्या आम्लयुक्त पाण्याची तक्रार मात्र नेमकेपणाने कोणी मांडत नाही, आणि तक्रारच मोघम असल्यामुळे तिचे उत्तरही ‘नमुना विहित मर्यादेत आढळला’ असे एका ओळीत येऊन पडते. मी या पट्ट्यात शेती करतो आणि त्याआधी शाळेत विज्ञान शिकवत होतो, तेवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे आहे की नमुना मर्यादेत असूनही ते पाणी नाला मारू शकते, कारण आम्ल जिथे तयार होते तिथे आपण पाहतच नाही, ते जिथून बाहेर सोडले जाते तिथे कधीतरी एकदा मोजतो.

आधी हे आम्ल येते कोठून, ते सांगतो. कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरखाली असणाऱ्या काळ्या शेलमध्ये (चिखलापासून बनलेल्या पापुद्र्यांच्या खडकात) पायराइट नावाचे खनिज असते. ते लोह आणि गंधक यांचे संयुग आहे, आणि जमिनीच्या पोटात हवा लागत नाही तोवर ते कोट्यवधी वर्षे तसेच पडून राहते. खाण खोदली की तो खडक फुटतो, त्याचे पृष्ठफळ वाढते, त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळतात, आणि त्यातून विरघळलेले लोह व गंधकाम्ल तयार होते. सुरुवातीला ही क्रिया संथ असते. पाण्याचा सामू (पीएच; सात म्हणजे उदासीन, जितका खाली तितके आम्ल जास्त) साडेतीनच्या आसपास उतरला की काही विशिष्ट जिवाणू, जे या लोहाच्या ऑक्सिडीकरणातूनच आपली ऊर्जा मिळवतात, तिचा वेग कितीतरी पटींनी वाढवतात. त्यांनी तयार केलेले फेरिक (ऑक्सिडीकरण झालेले) लोह मग स्वतःच उरलेल्या पायराइटवर तुटून पडते आणि आणखी आम्ल तयार होते. एकदा हे चक्र फिरू लागले की ते पायराइट संपेपर्यंत किंवा त्याची हवा तोडेपर्यंत थांबत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कितीतरी खाणी बंद होऊन शंभर वर्षे उलटली, तरी त्यांच्या तोंडातून आजही तांबूस आम्लयुक्त पाणी वाहते आहे. खाण बंद झाली म्हणजे तिचा त्रास संपला असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे.

यात अतिशयोक्ती नको म्हणून लगेच दुसरी बाजूही मांडतो. आपला कोळसा गोंडवाना काळातला आहे आणि त्यात गंधकाचे प्रमाण साधारणपणे एक टक्क्याच्या आत असते. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधला कोळसा निराळा, त्यात गंधक कितीतरी जास्त. तिथल्या नद्या आम्लयुक्त होऊन मासे मेले, आणि राष्ट्रीय हरित लवादाला एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या ‘रॅट होल’ (उंदराच्या बिळासारखी अरुंद बोगदी खोदण्याच्या) खाणकामावर बंदी घालावी लागली. ते चित्र जसेच्या तसे वर्ध्याच्या खोऱ्यावर चिकटवणे चूक होईल. आपल्याकडच्या अनेक खाणींचे पाणी उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी असते. नागपूर जिल्ह्यात पाटणसावंगी येथे तर वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड या सरकारी कोळसा कंपनीने) खाणीचेच पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ या नावाने बाटलीबंद केले. परंतु सरासरी गंधक कमी आहे म्हणजे प्रत्येक थरात ते कमी आहे, असे होत नाही. पायराइट खडकात सारखे पसरलेले नसते. कुठे ते कोळशाच्या एखाद्या पट्ट्यात, कुठे वरच्या काळ्या शेलमध्ये गोळा झालेले असते. त्यामुळे एका खाणीचे पाणी स्वच्छ आणि कोसभर अंतरावरच्या दुसरीचे आम्लयुक्त, असे घडू शकते. म्हणून ‘आमच्या कोळशात गंधक कमी’ हे वाक्य एखाद्या विशिष्ट खाणीविषयीच्या तक्रारीला उत्तर म्हणून चालत नाही. त्या खाणीतला तो खडक तपासला का, एवढाच प्रश्न उरतो.

आमच्या मातीमुळेही हा दोष बराच काळ झाकला जातो. वऱ्हाड-विदर्भाच्या काळ्या कसदार जमिनीत चुना मुरलेला असतो. वावरातून धूप होऊन उघड्या पडणाऱ्या पांढऱ्या चुनखडीच्या गाठी इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिल्या आहेत. आम्लयुक्त पाणी अशा जमिनीवर आले की पहिली काही वर्षे माती ते पचवते, मृद आरोग्य पत्रिकेवर सामू साडेसात-आठच दिसतो आणि सगळे निर्धास्त राहतात. त्या काळात जमिनीतला चुना खर्ची पडत असतो आणि त्याच्या जागी सल्फेट साचत असते. पऱ्हाटी लगेच वाळत नाही. आधी ठिबकच्या नळ्यांची छिद्रे तांबूस गाळाने बुजतात, लोखंडी पाइप आणि मोटारीचे सुटे भाग वेळेआधी खराब होतात, विहिरीचे पाणी डाळ शिजवायला नको होते. तांबूस रंग दिसला म्हणजे आम्ल आहेच, असेही मात्र नाही. साध्या बोअरच्या पाण्यातही लोह असते आणि हवा लागल्यावर ते लाल होते. म्हणूनच डोळ्यांनी पाहून ठरवण्याचा हा विषय नाही, नीट मोजण्याचा आहे. नियमन त्या मोजण्यातच कमी पडते.

कोळसा खाणींच्या सांडपाण्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली २००० साली स्वतंत्र मानके जाहीर झाली. त्यांनुसार सामू ५.५ ते ९ यांच्या दरम्यान हवा आणि तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत हवा. रासायनिक प्राणवायू मागणी आणि तेल-वंगण यांच्याही मर्यादा त्यात आहेत. सल्फेटला त्यात जागा नाही, आणि लोह व मँगनीज हे नेहमीच्या तपासणीच्या यादीत नाहीत. आता पाहा. सामूच्या मापात एक अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात सामूची खालची मर्यादा ६.५ आहे आणि खाणीला ५.५ पर्यंत मुभा आहे. ज्या नाल्यात उन्हाळ्यात स्वतःचे पाणी नसते, फक्त खाणीने उपसून सोडलेलेच पाणी वाहते, त्या नाल्याला ही मुभा म्हणजे सगळे पाणी आम्लाकडे झुकलेले राहण्याची परवानगीच आहे. पावसाळ्यात नदी ते विरळ करील, हा हिशेब मार्च-एप्रिलमध्ये लागू पडत नाही, कारण तेव्हा विरळ करायला नदीतच पाणी नसते.

त्याहून मोठी गोष्ट अशी की सामू एकट्याने खरी आम्लता सांगतच नाही. खाणीच्या तळाशी हवा कमी असते, त्यामुळे तिथल्या पाण्यातले लोह फेरस (ऑक्सिडीकरण न झालेल्या) रूपात विरघळलेले असते. असे पाणी पंपाने वर येते तेव्हा स्वच्छ, नितळ दिसते आणि त्याचा सामू सहाच्या वरही असू शकतो. तेच पाणी नाल्यातून वाहू लागले, त्याला हवा लागली, की लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस गाळ खाली बसतो आणि त्या क्रियेत नवे आम्ल सुटते. रसायनशास्त्राचा साधा हिशेब सांगतो की पाण्यात विरघळलेल्या दर १०० मिलिग्रॅम लोहामागे सुमारे १८० मिलिग्रॅम चुनखडीने शमेल इतके आम्ल दडलेले असते. पंपाच्या तोंडाशी भरलेली बाटली मर्यादेत आणि दोन किलोमीटर खाली तोच नाला साडेचारवर, असे घडू शकते, आणि दोन्ही आकडे खरे असू शकतात. गावकरी म्हणतात पाणी आंबट आहे, अधिकारी म्हणतात अहवाल ठीक आहे, आणि दोघेही एकमेकांना खोटे समजून बसतात. आमच्या गावालगतच्या एका खाणीच्या बाबतीत हेच झाले. तक्रारीनंतर नमुना घेतला गेला तो पंपाजवळ, तक्रार होती ती नाल्याच्या खालच्या भागाची, आणि प्रकरण निकाली निघाले. अमेरिकेत आम्लयुक्त खाणपाण्यासाठी सामूची मर्यादा ६ ते ९ आहे, आणि तिच्या जोडीला लोह व मँगनीज यांच्याही मर्यादा घातलेल्या आहेत. आपल्याकडे सामू, एकूण आम्लता, लोह, मँगनीज आणि सल्फेट ही पाच मोजमापे एकत्र घेणे अवघड नाही. ती सुसज्ज प्रयोगशाळेत होतात.

यातल्या सल्फेटविषयी दोन वाक्ये जास्त लिहितो, कारण तो या गोष्टीचा सर्वांत विश्वासू साक्षीदार आहे. चुना टाकून सामू सातवर आणता येतो, लोह गाळात बसवता येते, पण पायराइटमधून सुटलेले सल्फेट बऱ्याच अंशी पाण्यातच राहते. म्हणून ज्या पाण्याचा सामू उत्तम आणि सल्फेट मात्र आसपासच्या विहिरींच्या कितीतरी पट आहे, त्या पाण्यामागे कुठेतरी पायराइट कुजते आहे असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. तिथला चुना, मग तो मातीतला असो की टाकलेला, संपला की आम्ल वर येईल. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालते. खाणीभोवतीच्या गावांतल्या विहिरींचे सल्फेट दरवर्षी नोंदवले गेले, तर आम्ल दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी सूचना मिळेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्ह्याजिल्ह्यात आहेतच. त्यांतल्या खाणपट्ट्यातल्या विहिरींसाठी हे एक मोजमाप वाढवायला नवा कायदा लागत नाही.

नमुना कधी घ्यायचा, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सात-आठ महिने कोरडे जातात. या काळात ओबीच्या ढिगाऱ्यांत आणि खाणीच्या उघड्या भिंतींवर पायराइट हवेच्या संपर्कात राहून लोहाचे सल्फेटयुक्त क्षार तयार होतात. उन्हाळ्यात ढिगाऱ्याच्या पायथ्याशी पांढरट-पिवळसर मिठासारखा थर दिसतो, तो बऱ्याचदा हाच. म्हणजे आम्ल कोरड्या रूपात साठलेले असते. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की तो साठा एकाच वेळी विरघळतो आणि नाल्याला सर्वांत जास्त आम्ल त्या काही दिवसांतच येते. नंतर पाऊस लागून राहिला की पाणी विरळ होत जाते. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरलेल्या तारखेला घेतलेला नमुना हे दिवस सहज चुकवतो, त्यात कोणाची लबाडी असायलाच हवी असे नाही. म्हणून तारीख ठरवण्याऐवजी पाऊस ठरवावा. हंगामातला पहिला मोठा पाऊस झाल्यावर चोवीस तासांच्या आत, पंपाच्या तोंडाशी, ढिगाऱ्याच्या पायथ्याच्या चरात आणि नाल्यात खाली अशा तिन्ही ठिकाणी नमुने घेण्याची अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात घातली पाहिजे. सामू आणि विद्युतवाहकता सतत नोंदवणारी यंत्रे आता सर्रास मिळतात. कारखान्यांच्या सांडपाण्यावर ती बसवली जातात, तर खाणीच्या मुख्य विसर्गावर का बसवू नयेत?

एवढे मोजूनही, आम्ल बाहेर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ते होऊच न देणे स्वस्त पडते, हे खाणक्षेत्रातले जाणकार स्वतःच सांगतात. त्यासाठी खोदण्यापूर्वी, बोअरिंगच्या वेळी, प्रत्येक थराच्या नमुन्यावर आम्ल-क्षार ताळेबंदाची चाचणी करतात. खडकातल्या पायराइटच्या गंधकातून किती आम्ल होईल आणि त्याच खडकातल्या कार्बोनेटने किती शमेल, याची ती वजाबाकी आहे. एक टन खडकात असे एक टक्का गंधक असेल तर त्याचे आम्ल शमवायला ३१.२५ किलो चुनखडी लागते. आता खुल्या खाणीतून एक टन कोळशामागे कितीतरी घनमीटर ओबी निघते आणि तिचे डोंगर गावांच्या उंचीहून वर गेले आहेत. त्यातला छोटासा हिस्सा जरी आम्लजनक असला, तरी लागणाऱ्या चुन्याचा आकडा खाणमालकालाही घाबरवणारा ठरेल. ही चाचणी आधीच झाली, तर कोणता काळा शेल वेगळा काढायचा, तो ढिगाऱ्याच्या मध्यभागी किंवा खाणीच्या खोल खड्ड्यात कुठे पुरायचा, त्यावर चिकणमातीचा थर किती दाबून द्यायचा, हे ठरवता येते. आज बऱ्याच ठिकाणी डंपर येईल तशी माती पडते. वरची सुपीक काळी माती, मधला पिवळा वालुकाश्म आणि खालचा काळा शेल यांची एकच खिचडी होते आणि शेल वरच उघडा पडतो. त्यावर झाडे लावून ‘हरित पट्टा’ म्हणून छायाचित्रे काढली, तरी आतली क्रिया थांबत नाही.

पाणी हेही प्रतिबंधाचे साधन आहे, हे ऐकून कोणाला नवल वाटेल. हवेत प्राणवायू भरपूर असतो, पाण्यात तो लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम विरघळतो. म्हणून पायराइट कायमचे पाण्याखाली बुडाले तर त्याचे कुजणे जवळजवळ थांबते. खाण बंद झाल्यावर आम्लजनक खडक कायम पाण्याच्या पातळीखाली राहील अशा जागी पुरणे हा उत्तम उपाय आहे. मात्र त्यात ‘कायम’ हा शब्द सोडून चालत नाही. पावसाळ्यात पातळी वर आणि उन्हाळ्यात उपसा करून खाली, अशी ती दरवर्षी हलत राहिली तर मधल्या पट्ट्यात कोरडे-ओले होत आम्ल आणखी जोमाने तयार होते. बंद खाणीतले पाणी सिंचनाला देण्याच्या योजना चांगल्या आहेत, त्यांचा मी विरोधक नाही. पण त्या आखताना हा एक मुद्दा तपासला गेला पाहिजे. पावसाचे स्वच्छ पाणी ढिगाऱ्यात शिरण्याआधीच गारलँड ड्रेनने (ढिगाऱ्याभोवती खोदलेल्या चराने) बाहेर वळवणे हे तर सर्वांत साधे काम आहे. कागदावर ते सगळीकडे झालेले असते. प्रत्यक्षात ते चर पहिल्या पावसानंतर गाळाने भरतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत कोणी पाहत नाही.

जिथे आम्ल येतेच आहे, तिथे उपचार करावा लागेल. त्यासाठी लागणारा माल आमच्या दारात आहे. वणी, कोरपना, राजुरा या भागात कोळशाच्या शेजारीच चुनखडीचे साठे आहेत, सिमेंटचे कारखाने त्यांवरच उभे आहेत, आणि वणीजवळच्या राजूरच्या चुनाभट्ट्या सर्वांना ठाऊक आहेत. विरलेला चुना मोजून टाकून, पाणी हवेत घुसळून, निवळण तलावात लोह बसू देणे ही जुनी, खात्रीची पद्धत आहे. चुनखडीचे नुसते दगड चरात टाकून काम होईल असे मात्र कोणी समजू नये. लोहाचा लेप दगडावर बसला की आतली चुनखडी निरुपयोगी होते, म्हणून अशा चरांत हवा जाऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते. त्यापुढे पाणकणसाची पाणथळ जागा तयार केली तर उरलेले लोह बसायला मदत होते. तलावात साठलेल्या तांबूस गाळाचे काय करायचे, हे उपचाराच्या आराखड्यात लिहिलेले असायला हवे, नाहीतर पावसाळ्यात तो गाळच नाल्यात ढकलला जातो.

राखेविषयी वेगळे लिहावेसे वाटते. चंद्रपूरच्या २९२० मेगावॉटच्या महाऔष्णिक केंद्रासह या भागात राखेचे डोंगर आहेत, आणि ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनंतर ती राख खाणींच्या खड्ड्यांत भरण्यावर भर आहे. राख अल्कधर्मी असते, म्हणून ती टाकली की आम्ल शमेल, असे काही बैठकांत सांगितले जाते. आपल्या कोळशाच्या राखेत चुन्याचे प्रमाण कमी असते. तिची शमवण्याची ताकद मर्यादित असते, आणि आम्लयुक्त पाण्यात पडली तर तिच्यातले जड धातू सुटण्याची भीती असते. दोन्ही तपासल्याशिवाय एका कचऱ्यावर दुसरा कचरा टाकणे हा उपाय म्हणून मंजूर होऊ नये.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तेव्हापासून खुल्या खाणीसाठी हेक्टरी सहा लाख आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी एक लाख रुपये या दराने, पुढे वाढवलेल्या दरांनी, एस्क्रो खात्यात (ठरलेले काम झाल्यावरच पैसे मोकळे होणाऱ्या राखीव खात्यात) रक्कम ठेवावी लागते. ही तरतूद चांगली आहे. परंतु ही रक्कम क्षेत्रफळावर ठरते. शंभर हेक्टरच्या निरुपद्रवी खाणीला आणि शंभर हेक्टरच्या आम्ल देणाऱ्या खाणीला एकच दर लागतो, आणि दुसरीचा पाण्यावरचा उपचार तर खाण बंद झाल्यावरही कितीतरी वर्षे चालू ठेवावा लागणार असतो. ज्या खाणीच्या ताळेबंद-चाचणीत आम्लाचे पारडे जड निघेल, तिच्यासाठी पाण्याच्या उपचाराची वेगळी, दीर्घ मुदतीची ठेव घेतली पाहिजे, आणि बाहेर पडणारे पाणी सलग काही वर्षे उपचाराविना मर्यादेत राहिल्याचे सिद्ध होईपर्यंत ती सोडता कामा नये. अमेरिकेने १९७७ च्या कायद्याने दर टन कोळशामागे शुल्क आकारून जुन्या, बेवारस खाणींसाठी निधी उभा केला. आपल्याकडे १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधीच्याही खाणी आहेत. वरोऱ्याला तर इंग्रजी अमदानीतच कोळसा निघत होता. त्यांच्या नावाने एस्क्रो खाते कुठून असणार? अशा जागांसाठी खाणींकडून जमा होणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी वापरता येईल. हा निधी ज्या योजनेप्रमाणे खर्च होतो, त्या पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजनेत २०१५ पासूनच पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण ही प्राधान्याची कामे आहेत. सभागृहे, प्रवेशद्वारे आणि सिमेंटचे रस्ते यांच्या मागणीपुढे त्यांचा क्रम मागे पडतो, त्यात गावपुढाऱ्यांचाही वाटा आहे, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी माहितीचा प्रश्न. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने १ जून आणि १ डिसेंबरला अनुपालन (मंजुरीच्या अटी पाळल्याचा) अहवाल द्यायचा असतो आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो इंग्रजीत, संकेतस्थळाच्या एका कोपऱ्यात पडलेला असतो. त्यातल्या पाण्याच्या निकालांचे एक पान, नमुन्याची जागा, तारीख आणि त्याआधी पाऊस केव्हा झाला या माहितीसह, मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागले पाहिजे. शेतकऱ्याने स्वतः बाटलीत भरून नेलेले पाणी कायद्याच्या दृष्टीने पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने, नोटीस देऊन आणि मोहोरबंद करून घेतलेला नमुनाच लागतो. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाने तक्रार आल्यावर तक्रारदाराने दाखवलेल्या जागीही नमुना घ्यावा आणि पंचनाम्यावर सरपंचाची सही असावी, एवढी अपेक्षा फार नाही. हरित लवादाकडे भरपाईसाठी जायचे तर कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे आणि पीठ पुण्याला आहे. जो दोष मातीतल्या चुन्यामुळे दहा-दहा वर्षे झाकून राहतो, त्याचे ‘प्रथम घडणे’ कोणत्या दिवशी धरायचे? आधीच्या पाण्याची नोंद असल्याशिवाय हा प्रश्न शेतकऱ्याच्या बाजूने सुटणे कठीण आहे. तेव्हा खाणपट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी आपल्या विहिरींचा सामू, सल्फेट आणि लोह यांची तपासणी दरवर्षी मे महिन्यात आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर करून घ्यावी आणि निकाल दप्तरी जपावेत. खर्च ग्रामनिधीलाही झेपण्याजोगा आहे.

आमच्या तालुक्यांत नव्या आणि विस्तारित खाणींचे प्रस्ताव येतच राहणार आहेत. विस्ताराला काही अटींवर जनसुनावणीतून सूट मिळते, तरी जिथे सुनावणी होईल तिथे किमान तीस दिवस आधी नोटीस निघते आणि जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. त्या व्यासपीठावर नोकरी आणि मोबदल्याबरोबर तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत, अशी माझी त्या गावांना विनंती आहे. किती बोअरच्या कोणकोणत्या थरांची आम्ल-क्षार चाचणी झाली आणि तिचे आकडे अहवालाच्या कोणत्या पानावर आहेत? आम्लजनक निघालेला शेल कोठे आणि कशाखाली पुरला जाणार आहे? आणि खाण बंद झाल्यानंतर पाण्यावर उपचार करण्याचा खर्च कोण, कोणत्या ठेवीतून करणार आहे? महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने आणि वेकोलिने यावर आपल्याच स्तंभातून खुलासा केला तर या भागातील वाचक त्याचे स्वागतच करतील.

आपला,
एक शेतकरी व निवृत्त विज्ञान शिक्षक,
वणी तालुका, जि. यवतमाळ